हिंगोलीची वेलांटी कुठे सांडते? क्यूजीआयएसमधील लेबल आणि चिन्हांच्या वारंवार येणाऱ्या अडचणी

दर वर्षी मार्च उजाडला की टंचाईचा नकाशा नव्याने करण्याचे काम माझ्याकडे येते. मराठवाड्याचे ८ जिल्हे, ७६ तालुके, टँकर चालू असलेली गावे, वाड्या आणि तांडे, अधिग्रहित विहिरी आणि विंधन विहिरी एवढे सारे क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या एका प्रोजेक्टमध्ये बसवायचे, ए-३ कागदावर छापायचे आणि बैठकीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पोहोचते करायचे. काम तसे अवघड नाही. पण दर वर्षी तेच दोष पुन्हा डोके वर काढतात. काही गावांची नावे उमटतच नाहीत, काही अर्धी उमटतात, नद्यांच्या नावांतील जोडाक्षरे फुटतात, विहिरीच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि पडद्यावर स्वच्छ दिसणारा नकाशा पीडीएफमध्ये गेला की अंधुक होतो. मागे परभणीतल्या एका बैठकीत मूळचे हिंगोलीचे असलेले एक सहकारी छापील नकाशा डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "साहेब, आमच्या हिंगोलीची वेलांटी कुठं सांडली?" नकाशावर खरोखरच 'हिंगोल' छापले गेले होते.

त्या संध्याकाळी मी फॉन्ट बदलून पाहिला, लेबलचा आकार कमी-जास्त केला, बफर (अक्षरांभोवतीचा पांढरा पट्टा) काढला आणि पुन्हा लावला; दोन तास गेले, वेलांटी काही परत आली नाही, कारण दोष फॉन्टमध्ये नव्हताच. नाव आधी फाईलमध्ये साठवले जाते, मग फॉन्ट त्याला आकार देतो, त्यानंतर लेबलचे इंजिन त्याच्यासाठी नकाशावर जागा शोधते आणि शेवटी ते कागदावर किंवा पीडीएफमध्ये उतरते. या चारपैकी कोणत्याही टप्प्यावर ते बिघडू शकते, आणि बिघाड कोठेही झाला तरी आपल्याला दिसते ते एकच, म्हणजे चुकलेले लेबल. म्हणून आता मी सेटिंगला हात लावण्याआधी लेयरवर, म्हणजे नकाशातील माहितीच्या त्या थरावर, राइट-क्लिक करून अट्रिब्यूट टेबल हा त्यामागील माहितीचा तक्ता उघडतो आणि चुकलेले नाव तेथे कसे लिहिले आहे ते पाहतो.

टेबलमध्येच नाव तुटलेले असेल तर

हिंगोलीचा दोष टेबलमध्ये होता. लेयर शेपफाईल या प्रकारच्या नकाशा-फाईलमध्ये होता, आणि शेपफाईलमधील अक्षरी माहिती डीबीएफ या जुन्या स्वरूपात साठवली जाते, ज्यात प्रत्येक स्तंभाची रुंदी आधीच ठरलेली असते. ही रुंदी अक्षरांत नव्हे तर बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. आणि येथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे चिन्ह धरले जाते. स्तंभ तयार करणाऱ्याने "गावाचे नाव २० अक्षरांपेक्षा मोठे कशाला असेल" असा सरळ विचार करून रुंदी २० ठेवली होती. २० बाइटमध्ये देवनागरीची ६ चिन्हे बसतात.

आता आठ जिल्ह्यांची नावे या मापाने मोजून पाहावीत. बीड ३ चिन्हांचे. जालना, परभणी आणि लातूर प्रत्येकी ५ चिन्हांची. नांदेड बरोबर ६ चिन्हांचे. ही पाच नावे सुखरूप राहतात. हिंगोली ७ चिन्हांचे असल्याने शेवटची वेलांटी गळून 'हिंगोल' उरते, धाराशिवचा 'व' जाऊन 'धाराशि' उरते आणि छत्रपती संभाजीनगरचे, ज्याला जागेसकट ४९ बाइट लागतात, 'छत्रपत' एवढेच शिल्लक राहते. आठपैकी पाच नावे शुद्ध दिसल्यामुळेच संशय फॉन्टवर जातो. सगळी तुटली असती तर कोणीही आधी फाईल तपासली असती. त्यात भर म्हणजे टेबलमध्ये टाइप करताना नाव पूर्ण दिसते आणि बदल जतन केल्यावर कापले जाते, त्यामुळे टाइप करणारा माणूस आपण बरोबर लिहिले होते असे शपथेवर सांगतो आणि ते खरेही असते.

स्तंभाच्या नावाचीही तीच गत आहे. डीबीएफमध्ये स्तंभाच्या नावाला १० बाइटची मर्यादा असल्याने 'गाव' बसते, पण 'तालुका' हे 'ताल' होते आणि 'जिल्हा' हे 'जिल' होते. जिओपॅकेज या दुसऱ्या फाईल-स्वरूपातील लेयर कोणी शेपफाईल म्हणून जतन करून परत पाठवला आणि जुन्या प्रोजेक्टमध्ये जोडला की लेबलचे सूत्र 'तालुका' हा स्तंभ शोधत राहते, तो सापडत नाही आणि लेयरवरची सगळीच लेबले नाहीशी होतात. म्हणून स्तंभांची नावे रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवावीत. देवनागरी आत, मजकुरात असावी.

या साऱ्यावर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे शेपफाईलवर काम न करणे. २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून क्यूजीआयएसने जिओपॅकेज हे जतन करण्याचे मूळ स्वरूप मानले आहे. त्यात मजकूर यूटीएफ-८ मध्येच राहतो आणि स्तंभाच्या नावावर १० बाइटचे बंधन नसते. कोणी शेपफाईलच मागितली तर ती पाठवावी, पण मजकुराच्या स्तंभाची रुंदी २५४ ठेवावी, जी डीबीएफची कमाल मर्यादा आहे आणि जिच्यात देवनागरीची ८४ चिन्हे मावतात. आधीच कापली गेलेली नावे मात्र रुंदी वाढवून परत येत नाहीत. ती मूळ यादीतून पुन्हा भरावी लागतात.

टेबलमध्ये नाव तुटलेले नसून भलतेच दिसत असेल, तर त्या भलतेपणाचे रूप नीट न्याहाळावे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याच्या शेजारी चार शिंगे फुटलेले छोटे वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही: मजकूर यूटीएफ-८ मध्ये शाबूत आहे, सॉफ्टवेअर तो युरोपीय भाषांच्या संकेतात वाचत आहे, एवढेच. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सोर्स' या भागात 'डेटा सोर्स एन्कोडिंग' यूटीएफ-८ केले की नावे जागेवर येतात. शेपफाईलसोबत सीपीजी ही लहानशी मजकूर-फाईल असते, जिच्यात या संकेताचे नाव लिहिलेले असते. ईमेलने पाठवताना लोक तीच वगळतात, म्हणून हा दोष दर वेळी नव्या संगणकावर पुन्हा उगवतो. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील तर मात्र मजकूर जतन होतानाच नष्ट झालेला आहे, आणि कोणतेही एन्कोडिंग निवडून तो परत मिळत नाही. हे बहुतेक वेळा एक्सेलमधून साध्या सीएसव्ही स्वरूपात जतन केल्याने होते. एक्सेलच्या यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्यावा.

तिसरे रूप म्हणजे रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची खिचडी. ती युनिकोडपूर्व काळातील क्रुतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली माहिती असते. लेबलला तोच जुना फॉन्ट लावला तर नावे दिसतात, आणि घाईच्या वेळी तो मोह होतो. पण अशा नावांवर शोध चालत नाही, दुसऱ्या संगणकावर ती पुन्हा खिचडी होतात आणि दुसऱ्या टेबलशी जोडणीही होत नाही. एकदाच बसून सारे युनिकोडमध्ये रूपांतरित करावे, आणि रूपांतरानंतर पहिली वेलांटी व रफार असलेली नावे डोळ्यांनी तपासावीत. क्रुतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, त्यामुळे रूपांतरात ती हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

टेबलमध्ये शुद्ध, नकाशावर अशुद्ध

येथून पुढे दोष फॉन्टचा किंवा मांडणीचा असतो. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर क्यूजीआयएस तक्रार न करता संगणकावरील दुसरा देवनागरी फॉन्ट वापरते: विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, जुन्या यंत्रावर मंगल, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. नाव दिसते, पण प्रत्येक संगणकावर त्याची रुंदी वेगळी होते, आणि रुंदी बदलली की लेबलच्या जागाही बदलतात. तुमच्याकडे बसलेले 'औंढा नागनाथ' दुसऱ्याकडे गायब होण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. म्हणून फॉन्ट नाव घेऊन निवडावा, आणि तो नकाशा उघडणाऱ्या प्रत्येक यंत्रावर बसवावा. मी नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता वापरतो. दोन्ही विनामूल्य आहेत, जाड-बारीक वजनांत मिळतात आणि ८ पॉइंटलाही वाचता येतात.

आता नद्यांकडे वळू, कारण माझा सर्वाधिक वेळ त्यांनीच घेतला आहे. रेषेच्या लेबलसाठी 'कर्व्ह्ड' ही मांडणी निवडली की नाव नदीच्या वळणाबरोबर वळते, आणि रोमन लिपीत ते देखणे दिसते. पण नाव वळवायचे म्हणजे शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात ठेवायचा. देवनागरीत दोन गोष्टी त्यामुळे मोडतात. पहिली म्हणजे शिरोरेषा, जी प्रत्येक तुकड्यापाशी खंडित होऊन वळणावर करवतीच्या दात्यांसारखी दिसते. दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट जोडाक्षरांची. गोदावरी, मांजरा, दुधना, सिंदफणा या नावांत जोडाक्षर नाही, म्हणून ती वाकडी झाली तरी वाचता येतात. 'पूर्णा' मात्र 'पू', पाय मोडलेला सुटा 'र्' आणि 'णा' अशा तीन तुकड्यांत उमटते, कारण 'णा'च्या डोक्यावर बसायचा रफार तयार होण्याआधीच शब्द तोडला जातो. नांदेड जिल्ह्यातील मन्याडचा 'न्या' असाच फुटतो. शब्दाचे तुकडे कोठे पाडावेत याचे नियम युनिकोडमध्ये आहेत, आणि भारतीय लिप्यांतील जोडाक्षर सलग ठेवण्याचा नियम त्यांत २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. पण तो प्रत्यक्ष उतरतो की नाही हे क्यूजीआयएस ज्या लायब्ररींवर उभे आहे त्यांच्या आवृत्तीवर ठरते. म्हणून आपल्या यंत्रावर 'पूर्णा' हा एकच शब्द वळवून पाहावा; तो टिकला तर बाकीची नावेही टिकतील.

तो टिकत नसेल तर मांडणी 'पॅरलल' करावी. नाव सरळ ओळीतच राहते, फक्त नदीच्या दिशेला तिरपे होते, आणि शब्द अखंड असल्याने जोडाक्षरे शाबूत राहतात. नदी फार नागमोडी असेल तर ही मांडणी हेलकावे खाते. त्यावर उपाय म्हणून 'प्लेसमेंट'मधील 'जिऑमेट्री जनरेटर' वापरून लेबलपुरती रेषा सोपी करून घ्यावी, म्हणजे नकाशावर नदी तिच्या खऱ्या वळणांनी वाहते आणि नाव मात्र सरळ केलेल्या अदृश्य रेषेवर बसते. अक्षरांतील अंतर वाढवण्याची सेटिंग देवनागरीला कधीही लावू नये. मोठ्या प्रदेशाचे नाव पसरून लिहिण्याची इंग्रजी नकाशांतील रीत आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे करते. प्रदेश मोठा दाखवायचा असेल तर अक्षरच मोठे आणि फिके करावे.

दोन ओळींत नाव मोडताना सॉफ्टवेअर अक्षरे कशी मोजते तेही लक्षात असावे. 'औंढा' आपल्याला दोन अक्षरांचे वाटते, मोजणीत ते ४ भरते. त्यामुळे '१० अक्षरांनंतर ओळ मोडा' असे सांगितले तर ओळ अपेक्षेपेक्षा लवकर मोडते. शिवाय वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, म्हणून ओळींमधील अंतर मूळ मापापेक्षा थोडे वाढवावे. बफरचे मूळ माप १ मिलिमीटर असते. ८ पॉइंटच्या देवनागरीभोवती तो पांढरा पट्टा फार जाड होतो आणि खालची सीमारेषा गिळतो. मी तो ०.५ ते ०.६ मिलिमीटरवर आणतो.

नाव उमटतच नाही

टेबलमध्ये नाव आहे, फॉन्ट ठीक आहे, तरी नकाशावर गाव निनावी राहते, याचे कारण बहुधा गर्दी असते. दोन लेबले एकमेकांवर येत असतील तर इंजिन एकाला वगळते, आणि कोणाला वगळायचे हे प्राधान्यावरून ठरवते. लेबल इंजिनच्या सेटिंगमध्ये न बसलेली लेबले दाखवण्याचा पर्याय आहे; तो चालू केला की वगळलेली नावे लाल रंगात दिसतात आणि नेमकी टक्कर कोठे आहे ते कळते. हे पाहिल्याशिवाय 'एकमेकांवर आली तरी चालतील' हा पर्याय निवडू नये. तसे केले की सगळी नावे दिसतात आणि एकही वाचता येत नाही.

आमच्या नकाशात टकरीचे मोठे कारण आमचेच होते. जिल्हा मुख्यालयांचा एक लेयर आणि तालुक्यांचा दुसरा, दोन्हींत 'जालना', दोन्हींत 'लातूर'. एकच नाव दोनदा जागा मागत होते आणि शेजारचे बदनापूर किंवा औसा बाहेर फेकले जात होते. 'रूल-बेस्ड लेबलिंग'मध्ये तालुक्याच्या नियमातून ही आठ मुख्यालये वगळल्यावर अर्धी गर्दी आपोआप सुटली. उरलेल्या गर्दीसाठी गावांची नावे ठराविक स्केलच्या आतच दिसतील असे बंधन घालावे. नदीचे नाव प्रत्येक तुकड्यावर उमटत असेल तर 'रेंडरिंग'मधील जोडलेल्या रेषा एकत्र धरण्याचा पर्याय निवडावा.

चिन्हे आणि सीमारेषा

अधिग्रहित विहिरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसणे याचा अर्थ एसव्हीजी चित्राची फाईल प्रोजेक्टला सापडत नाही, कारण ती तुमच्या संगणकावरच्या एखाद्या फोल्डरमध्ये राहिली आणि प्रोजेक्ट पुढे गेला. चिन्हाच्या सेटिंगमध्ये फाईलच्या पत्त्याशेजारी 'एम्बेड फाईल' हा पर्याय आहे. त्याने चित्र प्रोजेक्टच्या पोटातच जाते. झूम केल्यावर चिन्हे फुगत असतील तर मापाचे एकक 'मॅप युनिट' ऐवजी 'मिलिमीटर' करावे. रस्त्यांच्या चौकात एका रस्त्याची काळी कड दुसऱ्याला छेदत असेल तर 'सिम्बॉल लेव्हल्स' चालू करावे.

सीमारेषांचा दोष मात्र वर्षानुवर्षे माझ्या लक्षातच आला नव्हता. जिल्ह्याची सीमा तुटक रेषेने दाखवायची, असे ठरवून मी बहुभुजाची कड तुटक केली. बाहेरची कड तुटक दिसली, पण परभणी आणि हिंगोली यांच्यामधली सीमा काही ठिकाणी सलग तर काही ठिकाणी विस्कटलेली दिसू लागली. कारण साधे आहे: ती सीमा दोन्ही जिल्ह्यांची असल्याने दोनदा काढली जाते, आणि दोन तुटक रेषांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने एकीच्या फटी दुसरीच्या तुकड्यांनी भरतात. शेतावरच्या बांधाला दोन्ही शेतकऱ्यांनी आपापले कुंपण घालावे तसाच हा प्रकार. यासाठी 'पॉलिगॉन्स टू लाइन्स'ने रेषांचा वेगळा लेयर करावा, त्यावर 'डिझॉल्व्ह' चालवावे म्हणजे दुहेरी तुकडे एक होतात, आणि तुटक चिन्ह त्या लेयरला द्यावे. दोन जिल्ह्यांच्या कडा मुळातच तंतोतंत जुळत नसतील तर हे चालणार नाही. आधी त्या जुळवाव्या लागतील.

नावाखालून रस्ता किंवा सीमा जात असेल तर ३.१२ या आवृत्तीपासून आलेला 'मास्क' वापरावा, जो फक्त निवडलेल्या लेयरची रेषा नावाभोवती पुसतो. टँकरचे चिन्ह आणि पार्श्वभूमी तशीच राहते. बफरपेक्षा हे कितीतरी स्वच्छ दिसते.

पडद्यावर एक, पीडीएफमध्ये दुसरे

लेबलचे माप पॉइंटमध्ये असते, त्यामुळे स्केल बदलले तरी अक्षर तेवढेच राहते आणि त्याच्याभोवतीची जागा मात्र बदलते. म्हणून पडद्यावर मनासारखी जुळवलेली लेबले छपाईच्या पानावर पुन्हा जागा बदलतात. जुळवाजुळव करण्याआधी पडद्याचे स्केल छापील पानाच्या स्केलइतके करून घ्यावे.

पीडीएफ तयार करताना मजकूर बाह्यरेषांच्या रूपात पाठवण्याचा आणि मजकूर म्हणूनच पाठवण्याचा, असे दोन पर्याय येतात. देवनागरीसाठी पहिलाच घ्यावा. फाईल जड होते आणि नावांवर शोध चालत नाही, पण छपाईवाल्याकडे फॉन्ट नाही म्हणून रफार उडाला, असे होत नाही. एवढे करूनही अक्षरे अंधुक येत असतील तर एखाद्या लेयरला 'मल्टिप्लाय'सारखा ब्लेंड मोड (थरांचे रंग एकमेकांत मिसळण्याची रीत) लावलेला आहे का ते पाहावे. डोंगरांचा उठाव सावलीने दाखवणाऱ्या लेयरवर शोभा म्हणून लावलेल्या अशा एका मोडमुळे संपूर्ण नकाशा चित्ररूप होतो, आणि त्यात लेबलेही सापडतात. तो मोड काढता येत नसेल तर लेआउटचे रिझोल्यूशन ३०० डीपीआयपेक्षा कमी ठेवू नये.

हाताने सरकवलेली लेबले पुढच्या वर्षी विस्कटतात, ही शेवटची तक्रार. 'मूव्ह लेबल' वापरताना क्यूजीआयएस पहिल्यांदा एक ओळखस्तंभ मागते, आणि घाईत आपण समोर दिसेल तो अनुक्रमांक देऊन मोकळे होतो. यादी नव्याने आली, क्रम बदलला, की सेलूसाठी ठरवलेली जागा मानवतला मिळते. गावांसाठी २०११ च्या जनगणनेचा ६ अंकी गाव-कोड द्यावा, तो यादीच्या क्रमाने बदलत नाही. वाड्या आणि तांड्यांना असा स्वतंत्र कोड नसतो, म्हणून त्यांच्यासाठी गावाच्या कोडाला आपला एक आकडा जोडून तो जपावा. या जागा क्यूजीझेड प्रोजेक्टच्या आतच राहतात; प्रोजेक्ट जुन्या क्यूजीएस स्वरूपात ठेवला असेल तर शेजारी क्यूजीडी नावाची वेगळी फाईल तयार होते, आणि पेनड्राइव्हवर नकाशा नेताना तीही सोबत घ्यावी लागते.